दोन खांब चालायचं, एक खांब धावायचं

पहाटे साडेपाचला वाघोलीत घराबाहेर पडलं की भरतीची पोरं-पोरी धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्याला २० गुण असतात आणि ते घड्याळावर मिळतात, त्यामुळे त्यांची सगळी धडपड सेकंदांसाठी चाललेली असते. त्यांना बघून घरातल्या मोठ्या माणसांची समजूत पक्की होते की धावायचं म्हणजे असंच, छाती फुटेस्तोवर.

मग कधीतरी तपासणीत साखर वाढलेली निघते, नाहीतर बीपी. डॉक्टर सांगतात, "रोज चाला, जमलं तर थोडं पळा." ताई पंजाबी ड्रेस घालून निघतात, दादा मुलाचे जुने बूट चढवतात. गल्लीच्या तोंडापासून जोरात सुरुवात होते आणि किराणा दुकानापाशी कमरेवर हात ठेवून थांबावं लागतं. दम लागलेला, छातीत धडधड, घसा कोरडा, बरगडीखाली कळ. समोरच्या ओट्यावरची दोन पोरं हसतात ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी नडग्या दुखतात, तिसऱ्या दिवशी बूट पलंगाखाली जातात. "आता वय झालं, आपल्याच्यानं नाही व्हायचं."

माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांनी धावणं असंच, किराणा दुकानापाशी सोडलं आहे. मीही एकदा सोडलं होतं. त्या दिवशी चूक वयाची नसते, वेगाची असते, हे कुणी सांगत नाही म्हणून आजचं पान त्यासाठी.

शरीरात काय होतं ते आधी बघू. आपण उभे असतो तेव्हा पायांच्या स्नायूंना थोडाच प्राणवायू पुरतो. धावायला लागलो की त्यांची मागणी एकदम कितीतरी पटीनं वाढते. पण हृदय आणि फुप्फुसं तेवढा पुरवठा त्याच क्षणी करू शकत नाहीत. त्यांना लय पकडायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोपर्यंत स्नायू प्राणवायूवाचून साखर जाळून काम भागवतात. ही सोय म्हणजे उसनवारी आहे. थांबल्यानंतरही आपण मिनिटभर धापा टाकतो ते हे उसनं फेडण्यासाठी. जितकी जोरात सुरुवात, तितकं उसनं मोठं आणि तितकी फेड कठीण. बचत गट चालवणाऱ्या बायकांना याहून जास्त समजावायला नको.

सावकाश निघालं तर उसनं कमी होतं आणि हृदयाला पुरवठा वाढवायला वेळ मिळतो. म्हणून धावण्याच्या आधी पाच मिनिटं नुसतं चालायचं. मग धावायचं तेही इतकं हळू की जवळून झपझप चालणारा माणूस आपल्या पुढे निघून जाईल. आपल्याला लाज वाटेल इतकं हळू. नव्या माणसाचा योग्य वेग तोच असतो.

वेग बरोबर आहे की नाही हे बघायला मोबाइल लागत नाही, मनगटावरचं यंत्रही लागत नाही. धावताना सोबतच्या माणसाशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास तुटला तर वेग जास्त आहे, कमी करा. १ जानेवारीला पेरणे फाट्याला विजयस्तंभाकडे जाताना आपण गाडी लांब लावून केवढं तरी चालतो. पोरं खांद्यावर, हातात डबा, मध्येच घोषणा, मध्येच गप्पा. कुणी दमून मागे राहत नाही, कारण सगळे बोलत चाललेले असतात. बोलता येतं तोवर शरीराला हिशोब झेपत असतो. धावताना हीच खूण धरायची.

आता सुरुवात कशी करायची ते. रस्त्याकडेचे दिव्याचे खांब बघा. दोन खांबांमध्ये साधारण २५-३० मीटर अंतर असतं. दोन खांबांचं अंतर चालायचं, एका खांबाचं धावायचं. परत दोन चालायचं, एक धावायचं. असं पंधरा-वीस मिनिटं करायचं आणि शेवटची पाच मिनिटं पुन्हा नुसतं चालून घरी यायचं. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. खांब नसतील तर मनात आकडे मोजा, ३० पावलं धावा आणि ६० पावलं चाला. दोन आठवड्यांनी हे सोपं वाटलं तर एक खांब चालणं, एक खांब धावणं. आणखी दोन आठवड्यांनी दोन खांब धावणं, एक खांब चालणं. सोपं वाटलं नाही तर आहे तिथेच राहायचं, परीक्षेला कुणी बसवलेलं नाही. बहुतेकांना दोन-अडीच महिन्यांत पंधरा-वीस मिनिटं न थांबता हळूहळू धावता येतं. काहींना चार महिने लागतात, त्यानं काही बिघडत नाही.

मध्ये मध्ये चालणं म्हणजे हार, असं पुष्कळांना वाटतं. विशेषतः पुरुषांना. ओट्यावरच्या पोरांसमोर चालायला लागलो तर काय म्हणतील, म्हणून ते धावत राहतात आणि आठवड्यात सोडून देतात. चालणंही व्यायामच आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालण्यासारखा व्यायाम सांगते, किंवा ७५ मिनिटं धावण्यासारखा जोराचा, किंवा दोन्ही मिसळून. आपल्याकडे विहारात चंक्रमण शिकवतात, तेही पाय आणि श्वास यांची सांगड घालायलाच. तेव्हा चालताना मान खाली घालायचं कारण नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक फसगत होते, तिची आधीच कल्पना असू द्या. पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि दम कमी लागतो. पुढच्या दीड-दोन महिन्यांत स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या वाढतात. माणूस खूश होतो आणि एकदम दुप्पट धावायला जातो. पण हाडं आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे इतक्या लवकर तयार होत नाहीत. त्यांना महिने लागतात. दम राहिला म्हणून पाय राहतीलच असं नाही. नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं तर समजायचं की हाड थोडी उसंत मागतंय. चार-पाच दिवस धावणं बंद, चालणं चालू, मग पुन्हा कमीपासून. एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं हाड दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा, ते अंगावर काढू नका.

बरगडीखाली कळ आली तर घाबरायचं नाही. पोटभर खाऊन किंवा भरपूर पाणी पिऊन लगेच निघालं की ती येते. चालायला लागा, कळ येते तिथे हातानं दाबा, तोंडानं लांब श्वास सोडा, जाते. जेवणानंतर किमान दोन तास तरी धावू नये. पहाटे निघणार असाल तर अर्धं केळं किंवा दोन खजूर पुरेत.

एक गोष्ट आपल्या घरांसाठी खास सांगायची आहे, आणि ती मला वेगापेक्षाही महत्त्वाची वाटते. दम लागण्याचं कारण दर वेळी सवय नसणं हेच असतं असं नाही. रक्त कमी असेल तरी दम लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. प्राणवायू वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. तेच कमी असेल तर हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके द्यावे लागतात. अशी ताई गल्लीच्या टोकाला दमली तर तिला आळशी म्हणायचं की अशक्त? स्वतः शेवटी जेवायचं, उरेल ते खायचं, पाळीत जास्त अंगावर जात असेल तरी बोलायचं नाही, या सगळ्याचा जमाखर्च त्या दमात असतो. महिनाभर सावकाश चालून-धावूनही दम कमी झाला नाही, जिना चढताना धडधडतं, डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते, तर सरकारी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बायकांचं १२ च्या खाली आणि पुरुषांचं १३ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, जेवणानंतर लगेच चहाही नको, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेली डाळ, मोड आलेली मटकी, पालेभाजी, आणि खाणाऱ्यांच्या घरी कलेजी किंवा सुकट. गोळ्यांनी संडास काळी होते, त्याला भिऊन बंद करू नका.

याच्याच शेजारची दुसरी गोष्ट सिकलसेलची. वाघोलीत विदर्भातून कामासाठी आलेली कुटुंबं आहेत. विदर्भात आदिवासी समाजाप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्याला हा आजार आहे त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावायला सुरुवात करू नये. पण ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष मिळालेला असतो तो वाहक. वाहक म्हणजे आजारी नव्हे. बहुतेक वाहकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही आणि पुष्कळांना आपण वाहक आहोत हेसुद्धा माहीत नसतं. वाहकानं धावायला हरकत नाही. मात्र सवय नसताना एकदम जोरात, उन्हात, तहानलेलं असताना जीव तोडून धावणं त्याच्यासाठी धोक्याचं असतं. भरतीच्या तयारीतल्या मुलांना तर हे सांगायलाच हवं. धावताना पायांत अचानक शक्ती उरली नाही, स्नायू खूप दुखून ढिले पडले, तर तिथेच थांबायचं, सावलीत बसायचं, पाणी प्यायचं आणि बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठायचा. "आणखी एक राउंड मार" म्हणणाऱ्याचं त्या वेळी ऐकायचं नाही. रक्ताच्या साध्या चाचणीनं सिकलसेलचा संशय येतो आणि पुढच्या चाचणीनं वाहक की आजारी ते पक्कं कळतं. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं आहे. नात्यात कुणाला सिकलसेल असेल तर लग्नाआधी तरी मुला-मुलींची तपासणी करून घ्या. धावण्याच्या निमित्तानं ती झाली तर त्याहून चांगलं.

चाळिशीपुढची माणसं, साखर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेले, ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झालेला आहे असे लोक, यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. चालण्यापासून सुरुवात करायला बहुतेकांना परवानगी मिळते. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर धावताना साखर एकदम उतरू शकते. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर तोंडात टाकता यावी म्हणून दोन-तीन गोड गोळ्या खिशात ठेवा. घरी आल्यावर पायाचे तळवे आणि बोटांच्या फटी बघा. मधुमेहात फोड आलेला कळत नाही. छातीच्या मध्ये दाबल्यासारखं झालं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, चक्कर आली, तर ते धावण्याचं दुखणं समजून घरी जाऊन पडू नका. १०८ ला फोन लावा. आणि मिश्री लावून किंवा तंबाखूची चिमूट दाढेत धरून धावायला निघू नका. तंबाखूनं हृदयाचे ठोके आधीच वाढलेले असतात, त्यावर धावण्याचा भार कशाला?

आता लाजेबद्दल. अविनाश साबळे यांचं नाव घरोघरी माहीत आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्यांचं गाव, आई-वडील वीटभट्टीवर काम करणारे. बारावीनंतर ते सैन्यात गेले, तेही महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहून आले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळालं, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पण शर्यतीकडे ते सैन्यात गेल्यावर वळले आणि मध्यंतरी त्यांचंही वजन वाढलं होतं. ते उतरवून पुन्हा सुरुवात करावी लागली. वाढलेल्या अंगानं पहिला राउंड मारायची वेळ अशा माणसावरही येते, तिथे आपण ओट्यावरच्या पोरांना किती भ्यायचं?

बारामतीच्या लता करे यांची गोष्टही पुष्कळदा सांगितली जाते. साठी ओलांडलेल्या या बाई नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी, तिथल्या मॅरेथॉनच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट आला आणि त्यात त्यांनी स्वतःची भूमिका केली. ही गोष्ट ऐकून आपल्याला अभिमान वाटतो, पण मला दर वेळी थोडा रागही येतो. एमआरआयसाठी म्हाताऱ्या बाईला अनवाणी धावावं लागतं यात कौतुक कशाचं करायचं? शिवाय त्यांचे पाय आयुष्यभराच्या कष्टानं तयार झालेले होते. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की नऊवारी नेसलेली बाई भर रस्त्यावर धावते आणि आभाळ कोसळत नाही. अनवाणी मात्र धावू नका. आपल्या रस्त्यांवर काचा असतात, खडी असते, तारा असतात.

महागडे बूट लागत नाहीत. टाचेखाली मऊ, पुढे बोटं हलतील असे, मापाचे कुठलेही खेळाचे बूट चालतात. मुलाचे एक नंबर लहान बूट चालत नाहीत, नखं काळी पडतात. चप्पल नको. सुती मोजे घाम धरतात आणि फोड येतात, म्हणून रोज धुतलेले, कोरडे घाला. बायकांनी आतून घट्ट, रुंद पट्ट्यांची ब्रा घालावी. हे कुणी बोलत नाही, पण छाती दुखते आणि हलते म्हणून धावणं सोडणाऱ्या पुष्कळ जणी असतात. ओढणी कमरेला बांधा किंवा घरी ठेवा. एकटीनं जायला संकोच वाटत असेल तर तिघी-चौघी मिळून जा. बोलत धावायचं आहेच, गप्पा आपोआप होतात, आणि एकीनं कंटाळा केला तर दुसरी दारात येऊन हाक मारते.

जागेचा प्रश्न वाघोलीत खरा आहे. गाव ३० जून २०२१ ला महापालिकेत गेलं, पण सपाट, उजेडाची, गाड्या नसलेली जागा अजून शोधावी लागते. नगर रस्त्याच्या कडेनं धावू नका, केसनंद फाट्याजवळ तर मुळीच नको. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे रात्री फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. तीन जीव गेले, त्यात दोन अगदी लहान मुलं होती. फुटपाथवर झोपलेला माणूस जिथे सुरक्षित नाही तिथे अंधारात धावणारा कसा असेल? खडीच्या गाड्यांची धूळही असते. जोरात श्वास घेताना ती नेहमीपेक्षा जास्त आत जाते, आणि थंडीत पहाटे धूर-धूळ जमिनीलगतच साचून राहते. शाळेचं मैदान, वस्तीतली बिनवर्दळीची गल्ली, विहारासमोरचं पटांगण यांपैकी काहीही चालेल. पटांगण ५० पावलांचं असेल तरी चालेल, फेऱ्या मारा. मैदानासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांना चार-पाच जणींनी मिळून अर्ज दिला तर सकाळी तासभर फाटक उघडं मिळू शकतं. उजाडल्यावर निघा, फिक्या रंगाचे कपडे घाला, रस्त्यावरून जावंच लागलं तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूनं जा, आणि कानात गाणी नकोत.

टँकरची वेळ सकाळची असेल तर संध्याकाळी धावा. धुण्या-भांड्याची कामं करणाऱ्या बायका दिवसभर उभ्याच असतात. त्यांना संध्याकाळी पाय उचलत नाहीत, आणि "तुमचं काम म्हणजे व्यायामच की" असंही ऐकावं लागतं. कामात अंग मोडतं हे खरं, पण सलग वीस मिनिटं हृदयाचे ठोके वाढून राहतील असं त्यात क्वचित होतं. अशांनी सुट्टीचा एक दिवस आणि आठवड्यातला लवकर सुटण्याचा एक दिवस धरावा. दोन दिवसही पुष्कळ झाले. ज्या दिवशी अंग खरंच गळालेलं असेल त्या दिवशी झोपा. रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्या दादांची गोष्ट उलटी आहे. दहा तास बसून मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले असतात, त्यांनी आधी दहा मिनिटं चालल्याशिवाय एकही खांब धावू नये.

लग्नसराई येईल, पोराची परीक्षा येईल, घरात दुखणं येईल आणि धावणं सुटेल. आठ दिवसांचा खंड पडला तर जिथे होतात त्याच्या एक पायरी मागून सुरू करा. महिनाभराचा पडला तर पुन्हा दोन खांब चालायचं, एक खांब धावायचं. ताप, जुलाब चालू असताना धावायचं नाही, आणि ताप उतरल्यावरही दोन-तीन दिवस नुसतं चाला.